नालीचे पैसे कुठून येतात?

नारळ आमदार फोडतात, ठराव ग्रामसभेचा असतो, काम गुत्तेदार करतो, मोजमाप जिल्हा परिषदेचा अभियंता घेतो. मग पैसे नेमके कुणाचे? आणि आमच्या गल्लीत दहा वर्षं नाली होत नाही, तेवढ्या वेळात गावात दोन सभागृहं कशी उभी राहतात? मराठवाड्यातल्या कोणत्याही पारावर हे दोन प्रश्न ऐकायला मिळतात. या प्रकरणात त्यांचीच उत्तरं शोधायची आहेत.

समोर एक गाव असलं की समजायला सोपं जातं. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातलं शिरड शहापूर घेऊ. मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे हे गाव दूरवर ठाऊक आहे. याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली आणि ही बातमी देशभर छापून आली. शंभर मीटर नालीच्या चार-पाच लाखांची बातमी कुठेच येत नाही. नालीच्या काठावर राहणाऱ्यालाही ते पैसे कुठून आले हे सांगता येत नाही.

१. पाटीवरचा आकडा

सिमेंट रस्त्याच्या कडेला किंवा सभागृहाच्या भिंतीवर एक पाटी असते. त्यावर कामाचं नाव, रक्कम, मान्यवरांची नावं आणि कोपऱ्यात एक आकडा असतो. बऱ्याचदा तो २५१५ असतो. गावात कुणीही सांगतं, "पंचवीस-पंधरातून आलंय." पण पंचवीस-पंधरा म्हणजे काय, हे विचारलं की गाडी अडते.

हा आकडा म्हणजे सरकारी हिशेबातलं लेखाशीर्ष. सरकारचा प्रत्येक रुपया कोणत्या कारणासाठी खर्च झाला, ते या क्रमांकावरून कळतं. पहिले चार आकडे देशभर सारखे असतात. २५१५ म्हणजे 'इतर ग्रामीण विकास कार्यक्रम'. त्यापुढे महाराष्ट्रात १२३८ जोडलं की गावांतर्गत मूलभूत सुविधांची योजना होते. अंतर्गत रस्ते, नाली, पेव्हर ब्लॉक, सभागृह, स्मशानभूमीचं शेड, संरक्षक भिंत अशी कामं तिच्यात बसतात. ३०५४ आणि ५०५४ ही शीर्षं रस्ते व पुलांची.

पहिल्या आकड्यालाही अर्थ आहे. २ आणि ३ ने सुरू होणारं शीर्ष महसुली खर्चाचं, तर ४ आणि ५ ने सुरू होणारं भांडवली खर्चाचं. भांडवली खर्चातून सरकार स्वतःची मालमत्ता उभी करतं. इथे चौकस वाचक थबकेल. सिमेंटचा रस्ता ही तर मालमत्ता झाली, मग त्याचा खर्च २ ने सुरू होणाऱ्या शीर्षात कसा? कारण राज्य सरकार इथे फक्त अनुदान देतं. तयार होणारा रस्ता राज्याचा नसतो, गावाचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. देखभालीचा विषय निघेल तेव्हा ती पुन्हा लागणार आहे.

२. नाली कुणाची जबाबदारी?

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना राज्यघटनेत स्थान मिळालं. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. पिण्याचं पाणी, रस्ते, स्वच्छता, सामूहिक मालमत्तेची निगा हे सगळे त्यात येतात. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानेच ही कामं पंचायतीकडे दिली होती.

व्यवहारात जबाबदारीची वाटणी अशी आहे. गल्लीतला रस्ता आणि नाली ग्रामपंचायतीची. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण मार्ग आणि त्याच्या वरचा इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचा. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. गावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर खड्डा पडला म्हणून सरपंचाला धरण्यात अर्थ नसतो. तसंच गल्लीतल्या नालीसाठी बांधकाम विभागात खेटे घालूनही उपयोग होत नाही.

जबाबदारी ग्रामपंचायतीची, पण तिच्या स्वतःच्या तिजोरीत घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर एवढंच येतं. तेवढ्यात दिवाबत्ती आणि कर्मचाऱ्यांचे पगार निघाले तरी खूप. म्हणून बाहेरचा पैसा लागतो. तो तीन वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेवर निर्णय घेणारा माणूस वेगळा असतो. तुमच्या गल्लीत नाली का नाही, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

३. पहिली वाट: हक्काचा पैसा

दर पाच वर्षांनी केंद्रात वित्त आयोग नेमला जातो. केंद्राच्या करांतला किती वाटा राज्यांना आणि पंचायतींना द्यायचा, हे तो सुचवतो. हा पैसा सूत्राने येतो. गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ यावर रक्कम ठरते. त्यासाठी कुणाचं पत्र लागत नाही की कुणाची ओळख.

१४व्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२० या वर्षांत, हा सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळाला. १५व्या आयोगाने २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठी तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० अशी विभागणी झाली.

या पैशाचे दोन भाग असतात, बंधित आणि अबंधित. मावशी भाचीच्या हातावर हजार रुपये ठेवते आणि म्हणते, "यातले सहाशे फीचेच हं, बाकीच्याचं काय ते तू बघ." हे सहाशे म्हणजे बंधित निधी. २०२१-२२ पासून ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांच्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम गाव आपल्या गरजेप्रमाणे वापरू शकतं. पगार आणि कार्यालयीन आस्थापनेवर मात्र ती खर्च करता येत नाही.

हिशेबाला सोपं जावं म्हणून एका ग्रामपंचायतीला वर्षाला २० लाख आले असं धरू. ६ लाख पाण्याला, ६ लाख स्वच्छतेला, ८ लाख अबंधित. सांडपाणी वाहून नेणारी नाली स्वच्छतेच्या ६ लाखांत बसू शकते. गल्लीतला सिमेंट रस्ता तिथे बसत नाही, त्याला अबंधित ८ लाखांकडे पाहावं लागतं. याचा अर्थ असा की सांडपाण्याच्या नालीला हक्काचा पैसा आहे आणि त्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही.

हक्कालाही अटी आहेत. पंचायतीवर निवडून आलेलं मंडळ हवं आणि हिशेब ऑनलाइन भरलेले हवेत. मार्च २०२२ मध्ये हिंगोलीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुकांऐवजी प्रशासक आले. जिथे लोकनियुक्त मंडळ नाही तिथे या निधीचा हप्ता अडतो. निवडणूक लांबली की विकासाचा पैसाही लांबतो, तो असा.

४. दुसरी वाट: शिफारशीचा पैसा

पंचवीस-पंधराचा पैसा याच वाटेने येतो. या शीर्षाखाली राज्याचा ग्रामविकास विभाग लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं मंजूर करतो. मंजुरीचा शासन निर्णय निघतो आणि त्याला यादी जोडलेली असते: जिल्हा, तालुका, गाव, कामाचं नाव, रक्कम लाखांत. तुमचं गाव यादीत असलं तर काम होतं. नसलं तर का नाही, हे विचारायला कोणतंही सूत्र हाताशी नसतं.

आमदार आणि खासदारांचे स्थानिक विकास निधी याच प्रकारचे. खासदार निधीची योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर झाली आणि २०११-१२ पासून तिची रक्कम वर्षाला ५ कोटी आहे. महाराष्ट्रात आमदारांचा निधीही २०२२ पासून ५ कोटींवर गेला. रक्कम मोठी वाटते, पण एका मतदारसंघात दीडशे गावं धरली तर गावामागे सरासरी ३ लाख ३३ हजार रुपये येतात. त्यात एक धड सभागृहही उभं राहत नाही. म्हणून दरवर्षी काही गावं निवडावी लागतात, आणि निवड आली की आवडनिवड आली.

खासदार निधी खासदारांच्या खात्यावर येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. खासदार काम सुचवतात, पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत खर्च होतो. धार्मिक स्थळाच्या आवारातलं काम त्यात करता येत नाही. ही योजना घटनेला धरून आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ६ मे २०१० रोजी न्यायालयाने ती वैध ठरवली.

शिफारशीचा पैसा लवकर येतो, पण तो शिफारस करणाऱ्याच्या नशिबाला बांधलेला असतो. जून २०२२ च्या शेवटी राज्यात सरकार बदललं. लगोलग आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या गावांनी फक्त याच वाटेवर भिस्त ठेवली होती, त्यांचे ठराव आणि अंदाजपत्रकं फायलीत पडून राहिली.

सभागृहं जास्त आणि नाल्या कमी का दिसतात, याचं उरलेलं अर्धं उत्तर इथे मिळतं. शिफारस करणाऱ्याला दिसणारं काम हवं असतं. सभागृहावर नाव लिहिता येतं आणि तिथे कार्यक्रम घेता येतो. नाली नीट झाली की तिच्याकडे कुणी पाहतही नाही.

५. तिसरी वाट: वस्ती आणि कारण पाहून येणारा पैसा

काही निधी विशिष्ट वस्त्यांसाठी किंवा विशिष्ट गरजांसाठी राखलेला असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना गावोगाव 'दलित वस्ती' याच नावाने ओळखली जाते. आदिवासी वस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना आहे. बंजारा तांड्यांसाठी तांडा वस्ती सुधार योजना आहे. ग्रामपंचायतीचं कार्यालय आणि स्मशानभूमी यांसाठी जनसुविधेचं अनुदान आहे, तर मोठ्या ग्रामपंचायतींसाठी नागरी सुविधांचं. तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळालेल्या गावाला भक्तनिवास, स्वच्छतागृह, वाहनतळ अशा सोयींसाठी वेगळा पैसा मिळू शकतो. यात्रेच्या गावांनी ही वाट तपासून पाहावी.

यातला बराचसा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष असतात. वस्तीच्या योजनांत हक्क आणि शिफारस या दोहोंची सरमिसळ असते. पैसा त्या वस्तीसाठी राखलेला असतो, पण कोणत्या गावाची वस्ती आधी, हे ठरवायला माणसं बसलेली असतात. म्हणून वस्तीची नोंद, लोकसंख्या आणि आजवर झालेल्या कामांची यादी आराखड्यात अचूक असणं फार महत्त्वाचं ठरतं. दलित वस्तीचा निधी त्या वस्तीबाहेरच्या रस्त्यावर खर्च होतोय का, हेही ग्रामसभेने पाहायला हवं.

योजना येतात आणि जातात, हेही ध्यानात असू द्या. २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या मागास क्षेत्र अनुदान निधीत देशातल्या २५० जिल्ह्यांत हिंगोली होता. दहा वर्षांच्या आत तो निधी बंद झाला. गावाची गरज मात्र तशीच राहते. योजनेचं नाव पाठ करण्यापेक्षा आपल्या गरजेची यादी तयार ठेवणं शहाणपणाचं.

६. ठरावापासून बिलापर्यंत

पैसा कोणत्याही वाटेने येवो, कामाचा पुढचा प्रवास साधारण सारखाच असतो.

आधी ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभेला किमान १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली कमी असलेली संख्या हजर लागते. ठरावाबरोबर जागेचा उतारा जोडावा लागतो, कारण वादातल्या जागेवर शासन पैसा घालत नाही. हेच काम आधी दुसऱ्या योजनेतून झालेलं नाही, असा दाखलाही लागतो.

मग अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो. सिमेंट, खडी, सळई, मजुरी यांचे दर तो मनाने लावत नाही. ते शासनाच्या दरसूचीतून येतात. त्यानंतर दोन मान्यता लागतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. प्रशासकीय मान्यता म्हणजे 'हे काम करा, एवढा खर्च करायला हरकत नाही'. तांत्रिक मान्यता म्हणजे 'नकाशा आणि हिशेब अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर आहे'. दोन्ही झाल्यावर काम कुणी करायचं ते ठरतं, कार्यारंभ आदेश निघतो आणि मग कुदळ पडते.

काम चालू असताना अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. लांबी, रुंदी, जाडी सगळं त्यात येतं. गावात तिला 'एमबी' म्हणतात. बिल एमबीवर निघतं. रस्ता सहा इंच जाडीचा लिहिला आणि चार इंचच झाला, तर चोरी तिथेच पकडता येते.

७. पाटीवर दहा लाख, रस्त्यात किती?

पाटीवर १० लाख लिहिलेत आणि रस्ता तर एवढासाच, ही तक्रार गावोगाव असते. कधी ती खरी असते, कधी हिशेब माहीत नसल्यामुळे केलेली असते. बांधकामाच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी लागतो. मंजूर १० लाखांत तो धरलेला असेल, तर प्रत्यक्ष कामाची किंमत १० लाख भागिले १.१८, म्हणजे सुमारे ८ लाख ४७ हजार होते. उरलेले सुमारे १ लाख ५३ हजार कराचे. शिवाय बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १ टक्का उपकर आणि साहित्याच्या चाचणीचा खर्च. गुत्तेदाराचा नफाही याच रकमेतून निघतो.

म्हणून 'दहा लाखांचं काम दहा लाखांचं दिसत नाही' एवढ्यावर कुणाला चोर ठरवू नये. अंदाजपत्रक मागावं, त्यात किती मीटर आणि किती जाडी लिहिली आहे ते पाहावं आणि टेप घेऊन मोजावं.

हे मोजण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कागदांच्या प्रती मागता येतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. त्यासाठी तर अर्जही नको.

८. बांधलं, पुढे काय?

पहिल्या भागात लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता कामाला येते. अनुदानातून झालेली मालमत्ता गावाची असते. नाली तुंबली, सभागृहाचं छत गळलं, दिवे गेले तर राज्य सरकार पुन्हा येत नाही. ठरावीक मुदतीत निघालेले दोष गुत्तेदाराने दुरुस्त करायचे असतात. ती मुदत संपली की सगळा भार ग्रामपंचायतीवर.

हा भार घरपट्टी आणि पाणीपट्टीतूनच उचलावा लागतो. ज्या गावात वसुली तीस टक्के, तिथे नवी नाली दोन पावसाळ्यांत गाळाने भरते आणि पुन्हा 'नवीन नाली मंजूर करा' असा ठराव होतो. घरपट्टी न भरणारा माणूस वर्षाला काहीशे रुपये वाचवतो आणि पाच लाखांचं काम वाया घालवतो. वसुली करणाऱ्या सरपंचाला पुढच्या निवडणुकीची धास्ती असते, म्हणून ही जबाबदारी एकट्या सरपंचावर सोडून चालत नाही.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा अनेक गावांनी अनुदानाची वाट न पाहता श्रमदान आणि लोकवर्गणीतून नाल्या आणि गल्ल्या साफ केल्या. अनुदान हे गावाच्या कामाला मिळणारं पाठबळ आहे. ते गावाच्या कामाची जागा घेऊ शकत नाही.

९. मग गावाने काय करावं?

निधी आला म्हणून काम शोधायचं, ही सवय आधी सोडायला हवी. तशा घाईत दिसणारं काम होतं, लागणारं राहून जातं. उलट क्रम लावा. आधी गावाच्या गरजांची यादी, मग तिचा अग्रक्रम, मग प्रत्येक कामाला योग्य वाट. सांडपाण्याची नाली आणि पाणी हक्काच्या बंधित निधीतून. वस्तीतला रस्ता वस्तीच्या योजनेतून. सभागृह शिफारशीच्या निधीतून मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी नाली अडणार नाही.

ही यादी म्हणजेच ग्रामपंचायत विकास आराखडा. तो दरवर्षी करायचा असतो आणि ग्रामसभेत मंजूर करायचा असतो. कितीतरी गावांत तो संगणकाजवळ बसलेला एक माणूस मागच्या वर्षीच्या आराखड्यात तारीख बदलून तयार करतो, कारण ग्रामसभेला पन्नास माणसंही येत नाहीत.

२६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला झेंडा झाला की बऱ्याच गावांत ग्रामसभा भरते, तशीच ती २ ऑक्टोबरलाही भरते. पुढच्या वेळी झेंड्यानंतर घरी जाऊ नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचारा: यंदा बंधित निधी किती आला, तो कशावर खर्च झाला आणि आमच्या गल्लीची नाली आराखड्यात कितव्या क्रमांकावर आहे. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि तिथे जाण्याआधी आपली घरपट्टी भरा.